थोरल्याचा सुरा, धाकट्याची सुरी

जुनी सुरी आहे मी, मित्रांनो, आणि गोड बोलणं मला कुणी शिकवलेलं नाही. चार बोटांचं पातं, तेवढीच मूठ. वीस वर्षं मटणाच्या दुकानात काढली. ज्यांना रक्त बघवत नाही, त्यांनी इथूनच पान उलटावं.

मला आणि सुऱ्याला एकाच लोहाराने घडवलं. सुरा हातभर लांब, पाठीला जाड. त्याचं पोलाद मुठीतून पार शेवटपर्यंत गेलेलं आणि तीन खिळ्यांनी पक्कं केलेलं. मूठ आणि पात्याच्या मध्ये आडवी पट्टी, म्हणजे हात घसरला तरी धारेवर जात नाही. माझं पोलाद अर्ध्या मुठीतच संपतं, आणि पट्टी तर नाहीच. म्हाताऱ्या मालकाने कारण विचारलं, तेव्हा लोहार म्हणाला, "अहो, पट्टी लावली तर ही कातडीखाली शिरणार कशी? हिने सोलायचं. हाडं तोडायला तो धटिंगण आहेच की!"

त्या धटिंगणाचा मला हेवा वाटायचा. पण लोहाराचं काही चुकलं नव्हतं. हाडालगतचं मांस मी जसं अलगद सोडवायचे, तसं सुऱ्याच्या बापालाही जमलं नसतं.

म्हाताऱ्याला दोन मुलगे. मरण्याआधी त्याने सुरा थोरल्याला दिला आणि मला धाकट्याला. एकाच्या हत्याराला दुसऱ्याने हात लावायचा नाही, असंही बजावलं. भांडणं होऊ नयेत म्हणून हो! भांडणं झाली नाहीत, पण थोरला माजला. गिऱ्हाइकांसमोर म्हणायचा, "आमचा धाकटा कसला खाटीक! हा कांदे चिरायच्या लायकीचा." गिऱ्हाइकं हसायची. धाकटाही हसायचा. त्याच्या त्या हसण्याची मला चीड यायची.

एका सकाळी खानावळीची मोठी मागणी आली. धाकट्यासमोर मागच्या मांडीचा सांधा होता, आणि तो तोडणं माझं काम नव्हतं.

"दादा, सुरा दे ना. पाच मिनिटांचं काम आहे."

"बाबा काय सांगून गेलेत?"

"मग तू तरी तोडून दे."

"माझा चहा व्हायचाय. तुझी सुरी आहे ना हातात? का तीही तुझ्यासारखीच भित्री?"

गिऱ्हाइकं हसली. त्या दिवशी धाकटा मात्र हसला नाही, त्याला राग आला. त्याने माझं टोक सांध्यात खुपसलं आणि सगळा जोर लावून रेटलं. मी हाडात अडकून थांबले. चरबीने माखलेला त्याचा हात थांबला नाही. तो मुठीवरून सरकून थेट माझ्या धारेवर आला.

आदल्याच संध्याकाळी त्याने मला धार लावली होती, मित्रांनो. फार छान लावली होती. बोटं मिटवणाऱ्या शिरा मी एका दमात कापल्या. आपलं कोण, परकं कोण, हे मला कुठे कळतं?

डॉक्टरांनी कातडी शिवली, पण बोटं मिटेनात. "सुरीच अवलक्षणी निघाली," असं थोरला गावभर सांगत सुटला. मला त्याने खुंटीला लटकवलं आणि गंजू दिलं.

तीन महिन्यांनी धाकटा दुकानात आला. थोरल्याने आपल्या सदऱ्याने सुरा पुसला आणि त्याच्यापुढे धरला. "घे. आजपासून तुझा. वर गेल्यावर बाबांना काय सांगायचं ते मी सांगेन."

धाकट्याने उजवा हात पुढे केला. बोटं मुठीवर टेकली, पण मिटली नाहीत. सुरा फरशीवर पडला. कुणीही हसलं नाही.

"राहू दे, दादा," धाकटा म्हणाला. "तोडायचं तूच बघ. मी वजन करतो."

मला पुसून ठेवा, कोरडं ठेवा, हे तुम्हाला कुणीही सांगेल. मी एवढंच सांगते. लहान हत्याराला मोठ्याचं काम लावू नका. आणि कुणाला काही द्यायचंच असेल, तर त्याची मूठ वळते आहे तोवर द्या.