खरं-खोटं विचारायचं नाही

मास्तरांनी फळ्यावरचं 'आणि' तळहाताने पुसून टाकलं आणि खडूचं टोक टॅक्सीवाल्याकडे वळवलं.

"दोन वाक्यांचं एक करा. 'आणि' नको."

टॅक्सीवाला उठला आणि त्याने इंग्रजीत ठोकून दिलं, "गाडी चालवताना पोलिसाने मला पकडलं."

"म्हणजे गाडी पोलीस चालवत होता?"

"तसं असतं तर काय हवं होतं, मास्तर. लायसन त्याचं गेलं असतं."

लाँड्रीच्या वरच्या खोलीतल्या त्या इंग्रजीच्या वर्गात हशा पिकला. मास्तर हसले नाहीत. हसणं आणि शाबासकी, दोन्ही ते जपून खर्च करत. इंग्रजीची कृदंतं त्यांनी स्वतःच्या पद्धतीने लावून दिली होती: एक करणाऱ्याचं, एक सोसणाऱ्याचं. आणि वर्गाचा एकच नियम होता. वाक्य शुद्ध आहे का, एवढंच बघायचं. खरं की खोटं, विचारायचं नाही. हा नियम नव्हता तेव्हा एका वाक्यावरून वर्गाच्या गप्पा घरोघरी फिरून यायच्या आणि धडा राहून जायचा.

या नियमाच्या आडोशाला सगळ्यात जास्त कोण बसलं असेल, तर टायपिस्टबाई.

"तुम्ही. सोसणाऱ्याचं."

ती उभी राहिली. डाव्या मनगटाला क्रेप बँडेज होतं.

"जिन्यावरून ढकललेली बाई उठून कामावर गेली."

"ठीक. आता करणाऱ्याचं."

"पासपोर्ट मैत्रिणीच्या कपाटात लपवून बाई परदेशातल्या नोकरीच्या मुलाखतीची वाट पाहते."

"वा," मास्तर म्हणाले. त्यांच्याकडून 'वा' निघणं म्हणजे तिजोरी उघडणं.

ते कपाट शेजारी बसलेल्या नर्सबाईंचं होतं. मास्तर सोडून वर्गात सगळ्यांना ते कळलेलं होतं. नर्सबाई वहीच्या कोपऱ्याची घडी घालत बसल्या.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. टायपिस्टबाईचा नवरा रोज खाली लाँड्रीत थांबे. आज वर आला होता. इस्त्रीचा शर्ट, बूट दाराबाहेर नीट जोडीने काढलेले.

"नमस्कार, सर. म्हटलं, एकदा भेटावं. हिचं कसं चाललंय? घरी काही बोलतच नाही."

शाळेत उभा जन्म गेलेल्या माणसासमोर पालक येऊन उभा राहावा, तसं मास्तरांचं झालं. जीभ सैल सुटली.

"वर्गात पहिली आहे तुमची बायको. आताच काय सुरेख वाक्यं केली, ऐका."

आणि त्यांनी दोन्ही वाक्यं म्हणून दाखवली. सावकाश, स्वल्पविरामाला थांबत.

नवरा जहाजाच्या कंपनीत पत्रव्यवहार बघे. त्याला इंग्रजी समजावून सांगावं लागलं नाही.

"छान," तो म्हणाला. "मैत्रिणीच्या कपाटात. कुठल्या मैत्रिणीच्या?"

"अहो, उदाहरण आहे ते. इथे खरं-खोटं..."

मास्तरांचं वाक्य तिथेच अडलं. त्यांची नजर बँडेजवर गेली होती. आधीच्या आठवड्यांत ती काय काय म्हणाली होती? कुलूप लावलेल्या खोलीतली बाई. उपाशी ठेवलेली बाई. प्रत्येक वेळी त्यांनी मान डोलावली होती. एकदा तर स्वल्पविराम सुधारून दिला होता.

"चल," नवरा तिला म्हणाला. आवाज अगदी साधा.

ती पेन्सिल पर्समध्ये ठेवू लागली.

"वर्ग संपलेला नाही," मास्तर म्हणाले.

"ही तर संपायची वेळ ना, सर?"

"आज उशीर होईल."

टॅक्सीवाल्याने किल्ली हातात घेतली होती, ती खिशात टाकली आणि तो परत बसला. बाकीच्यांपैकी कोणी उठलं नाही. नर्सबाई बाकावर सरकून टायपिस्टबाईला चिकटल्या.

नवऱ्याने एकेकाचा चेहरा सावकाश पाहून घेतला. बायकांच्या चेहऱ्यांवर जरा जास्त वेळ थांबला. मग मागच्या बाकावर जाऊन बसला आणि पाय लांब केले.

"काही हरकत नाही. चालू द्या. मला कसली घाई? शेवटी आम्हाला एकाच घरी जायचंय."

"आज नाही," नर्सबाई पुटपुटल्या. ते शेजारच्या बाईपुरतंच होतं.

टायपिस्टबाईने पेन्सिल पुन्हा बाहेर काढली. मास्तर फळ्याकडे तोंड करून उभे होते, हातात खडू होता, आणि त्यांना एकही वाक्य सुचत नव्हतं.