साहेबांची रंगीत तालीम

गावात सरकारी बालवाड्या दोन. एक हायवेपलीकडची, घसरगुंडीवाली. तिथली पोरं शंभरपर्यंत आकडे धडाधड म्हणतात. दुसरी अलीकडची, बाईंची. इथली पोरं वीसपर्यंत जातात आणि भूक लागली म्हणून थांबतात. वरून फर्मान आलं, साहेब येऊन मुलांची प्रगती बघणार आणि एकच बालवाडी ठेवणार. नोकरीचं एक सोडा, पण एवढीएवढीशी पोरं रोज हायवे ओलांडणार, या विचारानं बाईंना घास गिळवेना.

मग बाईंनी तालमींचा सपाटाच लावला. कधी त्यांचा सायकलवाला भाऊ साहेब बनून यायचा, कधी गिरणीवाला, कधी खुद्द सासरे. पोरांना वाटलं, मोठ्या माणसांचा हा खेळच आहे. त्यांना तो भलताच आवडला.

शेवटी खरे साहेब आले. त्यांनी पुठ्ठ्याचा चौकोन उचलून मवाळ आवाजात विचारलं, "हा कोणता आकार?"

पोरं एकमेकांकडे बघून खुदखुदली. मग जिला सगळे फौजदार म्हणत, ती चिमुरडी कमरेवर हात ठेवून उठली. "काका, असं नसतं! आधी पोट पुढे काढून चालायचं. मग जोरात खोकायचं."

"आणि भुवया!" मागून कुणीतरी ओरडलं. "गिरणीवाले काका कसल्या भारी करतात!"

"अगं, गप्प बस गं बाई!" बाई लगबगीनं पुढे धावल्या. आता संपलंच सगळं, असं त्यांना वाटलं.

साहेबांनी दाराकडे बघितलं. ड्रायव्हर लांब गाडीत पेंगत होता. पोट काढायचे कष्ट नव्हतेच, साहेब चालले, खोकले, भुवया चढवून गरजले, "हा कोणता आकार?"

"चौकोऽऽन!" छप्पर उडायचंच बाकी राहिलं. मग गोल झाला, त्रिकोण झाला, सगळे रंग झाले.

"जमलं की तुला!" फौजदार म्हणाली. "पण खरे साहेब लई कडक असतात. त्यांना आम्ही नाही आवडलो तर शाळा बंद. म्हणून बाई कोपऱ्यात जाऊन रडतात."

बाई भिंतीकडे तोंड करून तक्ता सरळ करू लागल्या. तो सरळच होता.

साहेब गुडघे मोडून फौजदारसमोर बसले. "खरे साहेब येऊन गेले की. शाळा इथेच राहणार म्हणाले."

फौजदारनं कपाळावर हात मारला. "आणि आम्ही तुझ्याशी खेळत बसलो!"