ड्यूईची पाठ

मी हॉलिवूडच्या एका स्टुडिओत लाटा बनवायचो. खरंच, खोलीच्या दारावर पाटीच होती. तिथल्या हौदात मी असली वादळं उठवली आहेत की एकदा कॅन्टीनमध्ये सुपाच्या वाडग्यातून जिवंत खेकडा चालत बाहेर आला. हे मी सगळ्यांना सांगायचो आणि कुणीही विश्वास ठेवायचं नाही. तेव्हा त्याची मला मौज वाटायची.

त्या वर्षी दोन कप्तान भावांचा सिनेमा होता, एका जहाजासाठी एकमेकांच्या जिवावर उठलेल्या. नटांनी तोंडानं भांडायचं. मारामारी आणि उड्या बदली माणसांच्या. तेही सख्खे भाऊच होते, वर्लिन आणि ड्यूई स्ट्राउड. आईच्या दफनाला धाकटा ड्यूई शूटिंग सोडून आला नाही, म्हणून वर्लिननं सहा वर्षं अबोला धरला होता. दिवसभर एकमेकांना गुद्दे हाणायचे, पण शब्द नाही.

शेवटच्या प्रसंगात ड्यूईनं डोलकाठीवरून हौदात पडायचं होतं आणि वर्लिननं खाली डेकवर उभं राहायचं. बदली माणसानं कॅमेऱ्याला पाठच दाखवायची असते. चेहरा दिसला की शॉट वाया. मी वर, ड्यूईच्या शेजारच्या मचाणावर, लाटेच्या टाकीपाशी होतो.

"एमेट, आज तरी बोलेल का रे तो?" ड्यूईनं विचारलं.

"तू पाण्यात आपटलास की हसेल तरी!" मी म्हटलं.

यंत्रं घरघरू लागली. मी टाकी उलटली. उडी मारायच्या क्षणी ड्यूई वळला आणि ओरडला, "वर्लिन! अरे, वर बघ ना!"

त्या आवाजात खाली काय ऐकू जाणार! वर्लिन फळ्यांकडे बघत उभा.

"थांबवा!" दिग्दर्शक खेकसला. "थोबाड दिसलं, गाढवा! पुन्हा!"

दुसऱ्या वेळी पाठ अगदी बरोबर होती. पण माझ्या पाण्यानं डोलकाठी निसरडी झालेली. पाय सटकला आणि ड्यूई हौदाऐवजी जहाजाच्या कठड्यावर आपटला. जागीच गेला.

कठडा येण्याआधी त्यांनी शॉट कापला आणि सिनेमात ठेवला. पहिला, चेहऱ्याचा, टाकून दिला.

सिनेमा लागल्यावर वर्लिन रोज पहिल्या खेळापासून थिएटरात बसायचा. एका मधल्या सुट्टीत मी शेजारी जाऊन बसलो.

"एमेट, तू वर होतास," तो म्हणाला. "पहिल्या वेळी तो का वळला?"

खरं सांगितलं तर हा माणूस जगायचा नाही, असं मला वाटलं. मी म्हणालो, "गांधीलमाशी होती रे. मानेवर बसली."

वर्लिननं रिकाम्या पडद्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "मला वाटत होतं, हाक मारली असेल."

"मारली!" मी त्याचा दंड धरला. "वर्लिन, आईशपथ! 'वर बघ ना' म्हणाला तो. गांधीलमाशी नव्हतीच!"

त्यानं माझा हात हळूच बाजूला केला. "राहू दे, एमेट. तू बोललास यात आलं सगळं. खेकड्याची गोष्टही मला आवडायची."

दिवे मालवले. मी कुणाच्या नावानं शपथ घेऊ, तेच सुचेना.

पडद्यावर डोलकाठी आली. वर्लिननं मान वर केली. ड्यूई पाठ करून उभा होता.