कोणता परवा?

मी एक जुना खोडरबर आहे. मित्रांनो, हसू नका. मी आजवर दोन ग्रह गिळले आहेत, एक अख्खं राजघराणं फस्त केलं आहे आणि एका सेनापतीला दोनदा मारून तीनदा जिवंत केलं आहे. वर ढेकरही दिलेला नाही.

माझा जन्म कारखान्यातला. एका लांबलचक पांढऱ्या लादीतून आम्हा भावंडांना कापून काढलं. उजवीकडून मोजलं तर मी थोरला, डावीकडून मोजलं तर शेंडेफळ. आधी कोण आणि नंतर कोण, या भानगडीशी माझा संबंध असा जन्मापासूनचा आहे.

मला विकत घेतलं एका लेखकांनी. ते अंतराळातल्या कादंबऱ्या लिहीत, त्याही पेन्सिलीनं. एकाच यानाच्या कहाणीचे त्यांनी पाच भाग लिहिले. "माझ्या चुका पोटात घालणारा घरात हा एकटाच," असं ते मला दाखवून पाहुण्यांना सांगत. ते ऐकून त्यांची बायको भांडी जरा जोरात ठेवी.

पुढे घरात संगणक आला. त्यात खोडायला एक बटण असतं म्हणे. ते झिजत नाही, त्याला वासही येत नाही. असल्या प्राण्यावर विश्वास कसा ठेवायचा? माझी रवानगी खणात झाली. तिथं एक बिनकुलपाची किल्ली होती. आपण राजवाड्याची किल्ली आहोत, असं ती सांगायची. मी तिला ग्रहांची गोष्ट सांगितली, तेव्हा ती गप्प बसली.

मग एके दिवशी खण उघडला. पाचही भाग नव्यानं छापायचे ठरले होते, आणि त्याआधी सगळ्या घटनांचा मागचा-पुढचा मेळ बसवायचं काम लेखकांच्या लेकीकडे आलं होतं. पुस्तकं तपासणं हाच तिचा व्यवसाय. तिनं जुनी छापील पानं जेवणाच्या टेबलावर मांडली, मला शेजारी ठेवलं आणि पेन्सिलीला टोक केलं.

"बाबा, तुमची कप्तान तिच्या आईपेक्षा चार वर्षांनी मोठी आहे."

"अंतराळात होतं असं."

"अंतराळात होत असेल, छापखान्यात नाही होत."

वय दुरुस्त झालं. खरी पंचाईत पुढेच होती. पहिल्या भागात कप्तान हरवलेल्या आईला शोधत एका ओसाड तळावर पोहोचते. तिथला रखवालदार त्याच सकाळी जाताना भिंतीवर निरोप लिहून गेलेला असतो: ‘तुझी आई. परवा. इथेच.’ ती दोन दिवस वाट पाहते, आई येत नाही, यान निघून जातं. पाचव्या भागात मात्र कळतं, की आई दोन दिवस आधीच तिथं येऊन गेली होती.

"कोणता परवा, बाबा? गेलेला की येणारा?"

"लिहिताना येणारा होता," लेखक म्हणाले. "पाचव्या भागापर्यंत गेला असावा."

"‘दोन दिवसांपूर्वी’ केलं, तर कप्तान वाट कशाला बघेल? पहिला भागच कोसळतो. ‘दोन दिवसांनी’ केलं, तर पाचवा जातो."

प्रकाशकांनी तर सांगूनच ठेवलं होतं, जो भाग जुळणार नाही तो गाळायचा. पाचवा भाग लेखकांचा सगळ्यात लाडका. मायलेकींची भेट त्यातच होते. लेकीनं ‘परवा’च्या डोक्यावर ‘दोन दिवसांनी’ लिहिलं आणि पाचव्या भागाच्या पहिल्या पानावर बारीक फुली मारली. लेखक उठून खिडकीशी गेले. खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर कुंपणाची भिंत होती, बघण्यासारखं काही नव्हतं.

तेवढ्यात लेखकांची बायको आत आली.

"अहो, परवा मी तुम्हाला परवाचं सांगितलं होतं. विसरलात ना?"

"नाही गं. नळवाला येणार आहे."

"हं. आणि परवासारखं त्याला आल्यापावली परत पाठवू नका."

लेक आईकडे बघतच राहिली. तीन परवा येऊन गेले, आणि कुणालाही विचारावं लागलं नव्हतं, कोणता. पण भिंतीवरच्या अक्षरांना ना आवाज, ना चेहरा.

"बाबा, चूक तुमची नाहीच. कप्तानची आहे! तिनं चुकीचा परवा धरला. पाचव्या भागात तिला एवढं एकच वाक्य बोलू द्या."

लेखक खिडकीपासून वळले. "मी तेच म्हणत होतो."

"कधीपासून?"

"परवापासून."

मग तिनं मला उचललं. आधी ‘दोन दिवसांनी’ खोडलं, मग ती फुली. तिनं जोर लावून पेन्सिल चालवली होती, मलाही जोर लावावा लागला. खालचा छापील ‘परवा’ जसाच्या तसा राहिला. मी वाटाण्याएवढा उरलो. आयुष्यभर चुका खाल्ल्या, शेवटी एक दुरुस्ती खाल्ली. चवीत फारसा फरक नव्हता.

मित्रांनो, माझं मागणं थोडं आहे. काही खोडायच्या आधी ते घरात कुणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवा. आणि आमच्या अंगात पेन्सिलीची टोकं खुपसू नका. ग्रह गिळणाऱ्यालाही दुखतं.

काल टेबल पुसताना आईनं मला चिमटीत धरलं.

"आणि हा तुकडा? हा टाकायचा कधी?"

"परवा," लेक म्हणाली.

कोणता, ते तिनं सांगितलं नाही. मित्रांनो, कृपा करून तुम्हीही विचारू नका.