कापूसतळणीचा अनधिकृत थांबा

मित्रांनो, मी एक जुना आगगाडीचा खेळ आहे. चावी फिरवून सोडायची पत्र्याची गाडी नव्हे. संगणकासमोर बसून इंजिन चालवायचं असतं, तो खेळ. या शतकाच्या सुरुवातीला परदेशात माझा जन्म झाला आणि एका चकचकीत सीडीवर बसून मी अकोल्याला आलो. आधीच सांगून ठेवतो, मी जळकुकडा आहे. दुसऱ्याचं चांगलं झालेलं मला बघवत नाही. तेव्हा माझं म्हणणं थोडं सांभाळूनच ऐका.

मला घरी आणलं सुगतने, पण मला वाढवलं ते त्याच्या धाकट्या बहिणीने, पायलने. सुगत शिकून पुण्याला नोकरीला गेला. घरात पायल आणि तिची आई दुर्गाबाई अशा दोघीच राहिल्या. दुर्गाबाई अंगणवाडी चालवायच्या. वडील लवकर वारले होते, त्यामुळे घर त्यांच्याच जिवावर चालत होतं.

मी आलो तेव्हा माझ्यासोबत अर्धा डझन मार्ग आले होते आणि बरीच इंजिनं. सगळं परदेशी. फलाटावर उभे राहायला काही माणसंही होती. ती कागदासारखी पातळ होती आणि बाजूने पाहिलं की दिसेनाशी व्हायची. त्यांत एक बाई होती. लांब काळा कोट, डोक्यावर टोपी, आणि कुणाला तरी निरोप देत असल्यासारखा वर केलेला हात. माझ्याजवळ हात वर केलेली तेवढी एकच बाई होती.

पण माझ्यात एक गुण होता. माझ्या पोटात रूळ टाकायचं साहित्य होतं. ज्याला हवी त्याने आपली वाट आखावी. पायलने आखली. दुर्गाबाईंचं माहेर कापूसतळणी. मूर्तिजापूरहून अचलपूरला जी छोट्या रुळांची गाडी जायची, तिच्या वाटेवरचं गाव. ती गाडी बंद पडून वर्षं झाली. पायल मामाकडे गेली की मोबाईलवर फोटो काढून आणायची, पऱ्हाटीच्या म्हणजे कपाशीच्या शेताचे, कडुलिंबाचे, गंजलेल्या पाट्यांचे. ते फोटो ती माझ्यात चिकटवायची. माझे इंग्रजी संदेशसुद्धा तिने मराठीत करून टाकले. कॉलेजात गेली, परीक्षांचा अभ्यास करू लागली, तरी रोज थोडा रूळ पुढे सरकायचाच. मला वाटायचं, असं नशीब कोणत्याही खेळाला मिळालं नसेल.

मग एका उन्हाळ्यात तो आला.

सुगत सुट्टीवर येताना ग्राफिक्स कार्ड घेऊन आला आणि त्याच्यासोबत एक नवा आगगाडीचा खेळ. माझ्याच संगणकात, माझ्याच शेजारी त्याला बसवलं. पहिल्याच दिवशी बहीणभावांनी आमची परीक्षा घेतली. आधी मी, मग तो, मग पुन्हा मी. त्याच्या रुळांवर संध्याकाळचं ऊन चमकत होतं. त्याच्या काचेवर पावसाचे थेंब ओघळायचे आणि वायपर फिरला की पुसले जायचे. माझा पाऊस म्हणजे पांढऱ्या रेघा, त्या बोगद्यातसुद्धा पडतात. त्याच्या झाडांची पानं हलायची. माझं झाड म्हणजे दोन कागद एकमेकांत अडकवलेले. त्याच्या इंजिनातलं प्रत्येक बटण दाबलं जायचं, अगदी ड्रायव्हरच्या डोक्यावरचा दिवासुद्धा लागायचा. माझी अर्धी बटणं नुसती रंगवलेली आहेत.

"पाह्य ना दादा, तारा कशा लोंबून राहिल्या!" पायल म्हणाली. माझ्या रुळांवरच्या विजेच्या तारा फूटपट्टीने आखल्यासारख्या सरळ. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मग सोबत काय काय मिळतं ते मोजायची वेळ आली आणि मी जरा सावरून बसलो. त्याच्यासोबत मार्ग आले होते फक्त तीन! बाकीचे हवे असतील तर वेगळे विकत घ्या. लग्नाला जेवायला बोलवावं आणि पोळीचे पैसे निराळे मागावेत, तसला प्रकार. मी आलो तेव्हा भरल्या घरासारखा आलो होतो. सुगतही म्हणाला, "जुन्यात माल जास्त होता, बरं का." मी फुललो. तेवढ्यात पायल म्हणाली, "तीनच हायेत, पन कसे हायेत ते त पाह्य." माझा फुगा तिथेच फुटला.

आता या घरात खरा पेच काय होता ते सांगतो. पायलची रेल्वेत असिस्टंट लोको पायलट, म्हणजे इंजिन ड्रायव्हरची मदतनीस, म्हणून निवड झाली होती. पुढच्या आठवड्यात तिला प्रशिक्षणाला हजर व्हायचं होतं. आणि दुर्गाबाई जाऊ देत नव्हत्या. शिक्षिका हो म्हणत, बँकेत जा म्हणत. इंजिन मात्र नको. का नको ते नीट सांगत नव्हत्या, नुसत्या मान हलवायच्या. पायल त्यांच्या मनाविरुद्ध पाऊल टाकणारी नव्हती.

"आईले हे नवं दाखोव," सुगत म्हणाला. "काम कसं असते ते तिच्या ध्यानात येईन."

दुर्गाबाईंना खुर्चीवर बसवलं आणि त्याला सुरू केलं. बर्फाचे डोंगर, निळं तळं, भरधाव गाडी. दुर्गाबाई तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. "टीव्हीपेक्षा बी भारी हाये हे," त्या म्हणाल्या. मी कोपऱ्यात जळत होतो. एवढ्यात एक स्टेशन आलं. फलाटाच्या अगदी कडेला एक माणूस उभा होता.

"थांबव! थांबव वं पायल! मानूस हाये!"

पायलने ब्रेक लावला. गाडी पळतच राहिली. तो माणूस मागे गेला, फलाट मागे गेला, गावही मागे गेलं, तेव्हा कुठे ती थांबली. त्या माणसाला काहीच झालं नव्हतं, तो आपला उभाच होता. पण दुर्गाबाईंचा चेहरा उतरला.

"दिसल्यावर बी थांबत नाई?"

"आई, लय जड असते. लगेच नाई थांबत."

"मंग असल्या कामाले मी तुले धाडत नाई. उद्या एखांदं लेकरू आलं म्हंजे? तू जन्मभर झोपशीन कशी?" आणि त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या. एवढे दिवस न सांगितलेलं कारण ते हेच होतं.

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. घे! एवढा सजूनधजून आलास आणि तोंडावर पडलास! तुझी चमक काय कामाची? पण पायल बंद पडद्यासमोर तशीच बसून राहिली. त्या काळ्या काचेत तिचा चेहरा दिसत होता. माझा आनंद फार टिकला नाही. संध्याकाळपर्यंत टिकला, खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी सुगतला पुण्याला परतायचं होतं. जाण्याआधी त्याने संगणक उघडला.

"पायल, जागाच नाई राहिली. जुन्याले काढून टाकतो."

काढून टाकणं म्हणजे आमच्यासाठी काय असतं, ते तुम्हाला कळायचं नाही. एक बटण, एक प्रश्न, 'नक्की का?', आणि संपलं. लिंब, पऱ्हाटी, पाट्या, सगळं.

"एक चक्कर मारू दे मले. मंग काढ," पायल म्हणाली.

तिने मूर्तिजापूरहून गाडी सोडली. माझी ती डुगडुगणारी छोटी गाडी. दुर्गाबाई मागे जमिनीवर बसून सुपात तुरीची डाळ पाखडत होत्या. त्यांनी मान वर केली तेव्हा वाटेतल्या एका स्टेशनची पिवळी पाटी मागे जात होती.

"हे बनोसा होय का?"

"हो, आई."

सूप बाजूला राहिलं. दुर्गाबाई खुर्चीजवळ आल्या. "लिंब इकडं नोतं वं, तिकडच्या बाजूनं होतं," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने, "सरक जरा. मले पाहू दे." आणि मित्रांनो, त्या माझी गाडी चालवू लागल्या! ज्या नव्यासमोर त्या उठून गेल्या होत्या, त्याच्या नाकावर टिच्चून त्या माझ्यासमोर बसल्या. मी माझे कागदी कडुलिंब शक्य तितके हिरवे दाखवत होतो.

कापूसतळणीच्या अलीकडे बैलगाडीचा रस्ता रूळ ओलांडतो. तिथे पऱ्हाटीच्या शेताकडेला एक बाई हात वर करून उभी होती. तीच, लांब काळ्या कोटातली, टोपीवाली. पायलला आपल्याकडची नऊवारीतली बाई माझ्यात सापडली नव्हती, म्हणून तिने तिलाच तिथे उभं केलं होतं.

"हे कोन बाई होय? इतल्या उनात कोट घालून?" दुर्गाबाई खुदकन हसल्या. पण हसता हसता त्यांनी ब्रेक लावला. गाडी त्या बाईच्या समोर अलगद थांबली.

मी तसा शिस्तीचा. जिथे स्टेशन नाही तिथे गाडी थांबली की मी गुण कापतो. पडद्यावर मी लाल अक्षरं उमटवली, 'अनधिकृत थांबा'.

"हे लाल काय लिहून राहिला तो?"

"मार्क कापले, आई. इथं थांबाचं नोतं."

"वा रे वा! बाईनं हात दाखोला अन् थांबाचं नाई? आमची गाडी थांबेच. माही माय याच जागी हात दाखवे. ड्रायव्हर वळखीचा होता. फाटक लावाले बी गाडीतलाच मानूस उतरे." मग हळूच म्हणाल्या, "थे गाडी थांबे म्हून मले वाटे, सगळ्याच थांबत असतीन."

पायल त्यांच्या पायाशी बसली. "थे हळू चाले, आई. माही गाडी नाई थांबनार. कोनी हात दाखोला तरी नाई. म्हून त इंजिनात दोघं असतात. एक चालोते अन् दुसरी समोर पाह्यते. थे दुसरी मी. दुरून पाह्याचं अन् दुरूनच भोंगा वाजवाचा, हेच काम हाये माहं."

"किती दुरून?"

आणि मित्रांनो, इथे मी मेल्याहून मेल्यासारखा झालो. कारण मला दूरचं दाखवताच येत नाही. थोडं अंतर गेलं की माझ्यात सगळं करडं धुकं होतं. सिग्नल जवळ आला की एकदम समोर उगवतो. पायलने पडद्याकडे पाहिलं, माझ्या धुक्याकडे, आणि म्हणाली, "ह्याच्यात नाई दिसनार. त्या दुसऱ्यात दाखोतो."

दुर्गाबाई माझ्यासमोरून उठल्या नाहीत, पण मी बंद झालो आणि तो सुरू झाला. शेजारच्या खोलीत पंगत बसावी आणि आपल्या पानावरून पाहुणा उठवून न्यावा, तसं मला झालं. मी ऐकत होतो. पायल सांगत होती, "तो पाह्य, पिवळा सिग्नल." दुर्गाबाई विचारत होत्या, "कुठं?" बऱ्याच वेळाने, "हो, दिसला बारीकसा ठिपका." मग पायल, "फाटक. वाजव आई." आणि भोंगा. पुन्हा ठिपका, पुन्हा भोंगा. ती एवढ्या लांबून ब्रेक लावायला सांगत होती की गाडी फलाटावर बरोबर जागेवर थांबत होती. सुपातली डाळ तशीच पडून होती. सुगत बॅग भरून दारात उभा होता, तरी कुणी उठेना.

अखेर दुर्गाबाई म्हणाल्या, "मले दिसाच्या आंधी तुले दिसते. तुह्ये डोये चांगले हायेत, बापा." मग म्हणाल्या, "जाय तू. पन भोंगा वाजवाची कंजूसी नको करू."

पायल आईच्या मांडीत डोकं खुपसून रडली. सुगतने डोळे पुसले आणि सवयीने माउस हातात घेतला. "मंग जुन्याले काढू ना?"

"काहून काढतं? राहू दे त्याले," दुर्गाबाई म्हणाल्या. "माहं गाव हाये त्याच्यात." सुगतने आपले जुने सिनेमे पुसून जागा केली.

मी वाचलो. पण जळणं काही थांबलं नाही. पायल गेल्यावर दुर्गाबाई अंगणवाडीतून आल्या की संगणक लावायच्या. माझ्यात त्या कापूसतळणीपर्यंत जायच्या, कोटवालीसाठी थांबायच्या, लाल अक्षरांना हसायच्या. मग उठून त्याच्यात जायच्या आणि दूरचे ठिपके शोधायच्या. माझ्याकडे त्या हसायला येत आणि त्याच्याकडे लेकीची काळजी मनात घेऊन जात. त्यांचा जास्त वेळ त्याच्यापाशीच जायचा. चेहऱ्याने तो देखणा आहे आणि कामालाही आला, हे कबूल करताना अजूनही माझे दात कडकड वाजतात.

प्रशिक्षण संपवून पायल मालगाडीवर रुजू झाली. एके दिवशी तिची गाडी मूर्तिजापूरवरून जाणार होती. दुर्गाबाई सकाळीच नवं लुगडं नेसून तिकडच्या एका फाटकावर गेल्या. दुपारी परत आल्या, आमच्यासमोरच्या खुर्चीत टेकल्या आणि त्यांनी सुगतला फोन लावला.

"थांबली नाई रे. थांबाचीच नोती. मी हात वर केला, पन थे कवाच पुढं निंघून गेली. पन पाह्य सुगत, मले गाडी दिसतबी नोती ना, तवाच भोंगा वाजोला तिनं. फाटकावरचे सगळे मांगं सरकले. एक मानूस पोट्ट्याले म्हने, सरक बापू, ड्रायव्हरनं पाह्यलं आपल्याले." एवढं बोलून त्या लहान मुलीसारख्या हसल्या.

त्यानंतर त्यांनी आम्हाला लावलंच नाही. मलाही नाही आणि त्यालाही नाही. गाड्यांच्या वेळा पायल फोनवर सांगते आणि दुर्गाबाई फाटकावर जातात. त्याचे थेंब, माझे कागदी कडुलिंब, सगळं अंधारात आहे. एकमेकांवर जळायचं आम्ही सोडून दिलं आहे. आता आम्ही दोघे मिळून त्या काळ्या मळकट मालगाडीवर जळतो.

मित्रांनो, तुम्ही नवा खेळ जरूर आणा. पण जुना पुसण्याआधी एकदा घरातल्या माणसाला त्याच्यासमोर बसवून बघा. त्यात कुणाचं गाव असेल तर थोडी जागा ठेवा. आणि दुर्गाबाई तुम्हाला कुठे भेटल्याच, तर माझा एवढा निरोप सांगा, की पायल ज्या दिवशी रजेवर असेल, त्या दिवशी तरी या. गुण मी कापणार नाही.