त्याचा अर्धा तास

“याला बटण नाही का?” जुन्या वस्तू विकत घेणारा टीव्हीसमोर उकिडवा बसून विचारत होता. “खोकं झकास आहे हो. बटणासकट असता तर दुकानाच्या काचेत मांडला असता. असा नेला तर फोडावा लागणार.”

“ते मीच हरवलं,” धाकटा हसत म्हणाला. “नऊ वर्षांचा होतो. हे बघा सर्टिफिकेट.” त्याने उजवा हात पुढे केला. तीन बोटं तळव्याकडे वळून तशीच राहिलेली होती.

“भारीच कारभार केलात की!”

“मग! त्यावर बाबांचा मारही खाल्लाय, बँडेज असताना.”

बाई चहाचे कप घेऊन दारात उभ्या होत्या. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना महिना झाला होता. सगळी गल्ली त्यांना बाईच म्हणे. ताई म्हणणारा हा एकटा भाऊ उरला होता. दोघांनीही लग्न केलं नव्हतं आणि आईवडिलांच्या माघारी याच दोन खोल्यांत दोघं राहत होते. नवा, भिंतीवरचा टीव्ही आल्यापासून जुन्यावर फक्त इस्त्रीचे कपडे ठेवले जायचे.

तो जुना टीव्ही घरात आला तेव्हा बाई म्हणजे बारा वर्षांची मुलगी होती. चॅनल बदलायचं गोल बटण पहिल्याच वर्षी ढिलं झालं आणि सारखं हातात येऊ लागलं. भांडणं फार होत, म्हणून आईने त्या बटणाचाच नियम केला. ज्याचा अर्धा तास, त्याच्या खिशात बटण. वेळ संपली की ते दुसऱ्याच्या हातात द्यायचं. कुठं ठेवायचं नाही, फेकायचं नाही, हातात द्यायचं. दुसरा नियम खास धाकट्यासाठी होता: टीव्हीला शिवण्याआधी हात धुवायचे. कारण तो सतत कुणाचं तरी बिघडलेलं घड्याळ उघडून बसलेला असे आणि त्याची बोटं तेलकट असत. कोपऱ्यावरच्या घड्याळजींनी आईला सांगून ठेवलं होतं, “शाळा झाली की याला माझ्याकडे धाडा. असा हात मी पाहिला नाही.”

एका संध्याकाळी धाकट्याने आपल्या अर्ध्या तासावर पाच मिनिटं जास्त घेतली. तिच्या मालिकेची सुरुवात गेली. तिची वेळ संपेपर्यंत तो झोपून गेला होता, आणि तिने बटण त्याच्या हातात दिलं नाही. दुसऱ्या दिवशी पहिला अर्धा तास त्याचा होता. बस म्हणावं बोंबलत, असं म्हणत तिने बटण कंपासपेटीत टाकलं आणि ती शाळेत गेली.

ते बटण प्लास्टिकचं होतं, ते काही शोभेसाठी नव्हतं. आतल्या लोखंडी दांडीत वीज उतरायची. धाकटा दुपारी घरी आला, आईच्या नियमाप्रमाणे त्याने हात स्वच्छ धुतले आणि ओल्याच हातांनी पक्कड घेऊन ती दांडी फिरवली. आईने मेन स्विच पाडेपर्यंत पक्कड हातातून सुटली नाही.

दवाखान्यात वडिलांनी विचारलं, “बटण कुणाकडे होतं?”

“मी दिलं त्याला,” ती म्हणाली. “काल. तो झोपेत होता.”

धाकट्याने थोडा वेळ आठवून पाहिलं. “घेतलं असेल मग,” तो म्हणाला. वस्तू हरवण्यात तो पटाईतच होता.

पुढे तो गोदामाच्या फाटकावर बसू लागला, डाव्या हाताने गाड्यांचे नंबर लिहू लागला. ती मुलांची बाई झाली. तिच्या वर्गात स्विचबोर्डाशेजारी कायम कोरडं फडकं टांगलेलं असे. दर वर्षी नव्या मुलांना ती तोच धडा अगदी सावकाश शिकवायची, मागच्या बाकावरच्यालाही कळेपर्यंत. बटण प्लास्टिकचं का असतं? हात कोरडे का हवेत? मुलं घरी जाऊन आईवडिलांनाही हात पुसायला लावत. मुलांचा तिच्यावर फार जीव होता.

बाईंनी चहा खाली ठेवला. आत जाऊन त्या कंपासपेटी घेऊन आल्या.

“हे घ्या,” त्या म्हणाल्या. पण बटण त्यांनी त्या माणसाला दिलं नाही, धाकट्याच्या डाव्या हातात दिलं.

“अरेच्चा! कुठं सापडलं?”

“सापडलं नाही. माझ्याकडेच होतं. त्या दिवशी शाळेत घेऊन गेले होते मी.”

“म्हणजे? तू तर झोपेत दिलंस ना मला?”

“नाही दिलं.”

दुकानदाराने चहाचा कप हळूच खाली ठेवला. धाकटा बटण उलटसुलट करत राहिला.

“बाबा जायच्या आधी,” तो म्हणाला, “मी त्यांचे पाय धरून म्हटलं होतं, बाबा, बटणाचं माझं चुकलं. तू तिथंच होतीस, ताई. उशाशी.”

“होते.”

“त्यांच्या तोंडात पाणी घालत होतीस.”

“हो रे.”

मग दुकानदाराने भीतभीत विचारलं, “ते बटण बसवून न्यायचं ना?”

धाकट्याने बटण सदऱ्याच्या खिशात टाकलं. “नको. फोडा तुम्ही.”

“अहो, पण चांगलं...”

“फोडा म्हटलं ना!”

टीव्ही गेला. जमिनीवर त्याच्या आकाराचा स्वच्छ चौकोन राहिला. धाकटा चपला घालून बाहेर पडला. त्या दिवशी त्याची सुट्टी होती.

संध्याकाळी सात वाजता त्याचा अर्धा तास सुरू होई. तो परत येऊन आपल्या खुर्चीत बसला. रोजच्या सवयीने बाईंनी रिमोट त्याच्यापुढे धरला. त्याने हात पुढे केला नाही. सदऱ्याच्या खिशात बटणाचा गोल उठून दिसत होता.

साडेसात वाजले. आता वेळ त्यांची होती. रिमोट त्यांच्या मांडीवर होता. खोलीत फक्त भिंतीवरचं घड्याळ वाजत होतं, रोज पाच मिनिटं मागे पडणारं. ते उघडून दुरुस्त करणारं घरात कुणी नव्हतं.

बाईंनी रिमोटला हात लावला नाही. बटण त्याच्या खिशात होतं.