ब्रेकचा दिवस

आमची नेमणूक वर्षाची, पण एक दिवस कमी. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी शाळा मंडळ आम्हा अठराही शिक्षिकांना नोकरीतून काढायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत घ्यायचं. नोकरी सलग झाली तर कायम करावं लागेल, म्हणून ही युक्ती. आम्ही त्याला ब्रेक म्हणायचो. त्या दिवशी कोणी शाळेच्या आवारात दिसली, तर नव्या यादीतून तिचं नाव गेलंच समजायचं.

तरी आम्ही सगळ्या जायचो. दुसऱ्या दिवशी पोरं येऊन बसणार, मग फळे कोण पुसणार, तक्ते कोण लावणार? शिपाईमामा मागच्या फाटकाची कडी काढून ठेवत आणि स्वतः पुढच्या दारात आमच्याकडे पाठ करून बसत.

माझ्या मैत्रिणीला आम्ही मुंगी म्हणायचो. चणीनं एवढीशी आणि हातात सदा काहीतरी ओझं. फाटकातून आत शिरताना दरवर्षी तिचं ठरलेलं, "हळू चाल गं, आज आपण चोर आहोत." आणि स्वतःच खुसखुसायची.

त्या वर्षी ब्रेक बंद करा, करार सरळ करा, म्हणून मंडळाशी आमची बोलणी चालली होती. समितीची प्रमुख मी. ब्रेकच्या दिवशी सकाळी चार नंबरच्या खोलीत आम्ही दोघींनी बाकावर बाक चढवला. मुंगी वर चढून नकाशा टांगत होती, मी खालून बाक धरून उभी. खिळा काही केल्या सापडत नव्हता.

तेवढ्यात पुढच्या दाराशी अध्यक्षांची गाडी वाजली. माझ्या मनात एकच आलं, प्रमुखच सापडली तर बोलणी संपली. मी हात सोडले आणि शेजारच्या खोलीत कपाटाआड जाऊन उभी राहिले. मुंगीला एकटीनं उतरता येण्यासारखं नव्हतं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर आम्ही सगळ्या सापडलो असतो. हळूच म्हणाली, "पकड ना गं."

मग बाक पडल्याचा आवाज आला.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यातच ती वारली. शुद्धीवर आलीच नाही.

आम्ही शाळा बंद पाडली. बाराव्या दिवशी मंडळ नमलं. ब्रेक रद्द, सगळ्या कायम. फक्त एक कलम घालायचं होतं: त्या दिवशी शाळा बंद होती, मृत शिक्षिका परवानगीशिवाय एकटीच आत शिरली, दुसरं कोणी हजर नव्हतं. मी कागद खाली ठेवला. अध्यक्ष अगदी मायेनं म्हणाले, "बाई, गेलेल्या माणसाला कराराची गरज नसते." माझ्या सोळा जणी टेबलाकडे बघत बसल्या होत्या. सगळ्या त्या दिवशी शाळेत होत्या. पण बाक कोणी धरला होता, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. मी सही केली.

करार चांगला होता. अजून चालू आहे. त्या दिवशी आता हजेरीपटावर सह्या होतात. चार नंबरची खोली मात्र तेवढा एक दिवस कोणी उघडत नसे. नव्यानं लागलेल्या, काहीच माहीत नसलेल्या मुलीसुद्धा त्या दारावरून भराभर पुढे जात. एका वर्षी मी आत गेले. खोलीत कोणी नव्हतं. रिकामे बाक भिंतीशी एकावर एक रचलेले. त्यातला एक मी उगीचच दोन्ही हातांनी धरला, तर त्याला भार होता. वर कोणीतरी टाचा उंचावून तोल सावरत असावं, तसा. मला तो सोडवेना. मोठ्या बाई शोधत आल्या, तोवर तासभर मी तशीच उभी होते. त्यांनी माझी बोटं एकेक करून सोडवली.

मुंगीची मुलगी त्याच शाळेत लागली, आमच्याच करारावर. लहानपणापासून मला मावशी म्हणते. गेल्या महिन्यात घरी आली. कचेरीतल्या फायलीत ते कलम तिनं वाचलं होतं. आपली आई चोरासारखी आत शिरली, असं जे लिहिलंय ते खोडून घ्यायचं म्हणून तिनं मंडळाकडे अर्ज केला होता. मंडळ म्हणालं, साक्षीदार आणा. ती माझ्यापुढे बसली आणि शांतपणे म्हणाली, "मावशी, आमचे ते बाक मी उचलून बघितले. आईनं एकटीनं बाकावर बाक चढवला कसा?"

मी सांगितलं. कपाटाचंही सांगितलं. "पकड ना गं" तेवढं सांगायला वेळ लागला, पण सांगितलं.

ती कितीतरी वेळ माझ्या हातांकडे बघत होती. मग पर्समधून कोरा कागद काढून तिनं पुढे सरकवला. मी लिहिलं, सही केली आणि कागद तिला दिला. तिनं शेवटपर्यंत वाचला आणि परत माझ्यापुढे ठेवला.

"तारीख राहिली, बाई," ती म्हणाली.

मी तारीख घातली.